पडद्यावरचे श्राद्ध

जुन्या संगीतावरचा चित्रपट पाहिला म्हणजे संगीताची सेवा घडली, अशी एक सोयीस्कर समजूत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींत अलीकडे रूढ झाली आहे. ही समजूत खोटी आहे, आणि खोटी असून गोड असल्यामुळे अधिक घातक आहे, असे आमचे मत आहे. ते आडपडदा न ठेवता मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

२०११ साली ‘बालगंधर्व’ आला, २०१५ च्या दिवाळीत ‘कट्यार काळजात घुसली’, २०२२ साली ‘मी वसंतराव’, आणि २०२५ च्या आरंभी ‘संगीत मानापमान’. दिल्लीसारख्या शहरात मराठी चित्रपटाच्या वाट्याला येऊन येऊन किती खेळ येणार? बहुधा संध्याकाळचा एखादा. त्या खेळाला मंडळाचे झाडून सारे सभासद लोटतात. बायका ठेवणीतल्या पैठण्या नेसतात, वृद्धांना हात धरून जिना चढवला जातो, मुलांना ‘आपले’ संगीत दाखवण्यासाठी मुद्दाम नेले जाते. अंधारात ओळखीचे पद सुरू झाले की रुमाल बाहेर निघतात. मध्यंतरात समोसे खात ‘काय तो काळ होता!’ असे उद्गार निघतात, आणि मेट्रोने घरी परतताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काही पुण्य गाठी बांधल्याचे समाधान असते. आमची तक्रार या समाधानाविषयी आहे.

चित्रपटांविषयी मात्र नाही. या कृती मन लावून केलेल्या आहेत आणि त्यांतले गाणे अस्सल आहे. पहिल्या तीन चित्रपटांतील गायनासाठी अनुक्रमे आनंद भाटे, महेश काळे आणि राहुल देशपांडे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते काही कोणाच्या कृपेने नव्हेत. कारागिरांनी आपले काम केले. प्रश्न प्रेक्षकांचा आहे.

प्रथम ‘आठवणी’चा विचार करू. बालगंधर्व १९६७ साली गेले. त्याच वर्षी दारव्हेकरांचे ‘कट्यार’ नाटक अभिषेकीबुवांच्या संगीतासह रंगभूमीवर आले. त्यातले खाँसाहेब गाजवणारे वसंतराव देशपांडे १९८३ साली निवर्तले. आज तिशी-चाळिशीत असलेल्या आम्हा लोकांना यांतले काय आठवणार? जे कानांनी कधी ऐकलेच नाही, त्याच्या आठवणीने आपण गहिवरतो. हे अश्रू वडिलांकडून उसने घेतलेले आहेत. उसन्या वस्तूला हरकत नाही. पण ज्याला वडिलांच्या आवडीचा खरा वारसा हवा, त्याने त्यांचे कान घ्यावेत, नुसते डोळ्यांतले पाणी नव्हे. आणि कान हे पडद्यासमोर तयार होत नाहीत.

का होत नाहीत, ते सांगतो. नाट्यसंगीताचा प्राण ‘वन्स मोअर’मध्ये होता. प्रेक्षकाने मागावे आणि गायकाने तेच पद पुन्हा, पण निराळ्या वाटेने फुलवावे, अशी ती देवघेव होती. त्यामुळे नाटके पहाटेपर्यंत लांबत. श्रोता हा त्या गाण्याचा भागीदार होता. त्याची दाद पोचली की तान वळण घेई, त्याची जांभई दिसली की पद आवरे. पडद्यावरचा गायक आपल्याला ओळखत नाही. आपण रडलो काय आणि झोपलो काय, त्याची सम ठरल्या क्षणीच येणार. शिवाय तीन मिनिटांच्या मापात राग बसवायचा म्हणजे त्याची आलापी आधी जाते, मग विसावा जातो, आणि उरते ती चमक. या चमकेवर जो कान वाढला, तो प्रत्यक्ष बैठकीत विलंबित ख्याल सुरू होताच चुळबूळ करू लागतो. ‘हे केव्हा रंगणार?’ असे तो शेजाऱ्याला विचारतो. जे रंगत असते ते त्याला दिसतच नाही.

यात इतिहासाचा एक क्रूर विनोदही आहे. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’, आणि बोलपटाच्या त्या लाटेत संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक बुडाल्या. खुद्द बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, पण समोर प्रेक्षक नसलेल्या त्या जगात हा प्रेक्षकांचा माणूस रमला नाही आणि पुन्हा रंगभूमीकडे वळला. ज्या पडद्याने ती परंपरा मोडली, त्याच पडद्यासमोर आपण आज तिच्या नावाने हात जोडून बसतो. याला आम्ही श्राद्ध म्हणतो. श्राद्ध वाईट नाही. पण ज्याचे श्राद्ध घालतो तो मेलेला असतो, एवढे तरी कबूल करावे लागते. संगीत मेलेले नाही. मग जिवंत माणसाचे श्राद्ध कशासाठी?

यावर आमचे मित्र एक उत्तर नेहमी देतात: ‘अहो, निदान या निमित्ताने तरुण पिढी वळते!’ वळते हे खरे, पण कुठे? आमच्या परिचयाच्या एका मंडळाचा गायनवर्ग आठवड्यातून दोनदा भरत असे. शिकवणाऱ्या बाई ग्वाल्हेरकडच्या, तालीम चोख. ‘कट्यार’ला ज्या मंडळाने खुर्च्या भरल्या, त्याच मंडळाच्या वर्गात त्या महिन्यात चार मुले होती आणि पुढच्या महिन्यातही चारच. पुढे कार्यकारिणीने ‘प्रतिसाद नाही’ म्हणून वर्ग बंद केला आणि त्याच बैठकीत पुढल्या मराठी चित्रपटाच्या घाऊक तिकिटांचा ठराव एकमताने संमत झाला. त्या ठरावात कोणाला काही विसंगत वाटले नाही. खरे दुखणे हेच आहे. जे तिकिटाने विकत मिळते ते संस्कृतिरक्षण, आणि ज्याला दररोजचे कष्ट लागतात तो ‘प्रतिसाद नसलेला उपक्रम’!

दुसरे उत्तर नोकरीचे. ‘आम्ही सरकारी माणसे, फायलींतून मान वर काढायला फुरसत नाही, तंबोरा कोण धरणार?’ आम्ही स्वतः केंद्र सरकारचे कारकून आहोत, तेव्हा ही सबब आतून जाणतो. पण ती सांगणाऱ्याने ‘मी वसंतराव’ कोणत्या डोळ्यांनी पाहिला, हे आम्हाला कळत नाही. वसंतराव लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी करीत होते. आकडेमोडही झाली आणि रियाजही झाला. त्यांच्या चरित्रावर डोळे पुसायचे आणि त्यांचेच उदाहरण नाकारायचे, ही भक्ती कसली?

आता आपण ज्या भूमीवर बसून रडतो तिच्याकडे पाहा. ज्या गायकीचे आपण गोडवे गातो, ती मुळात उत्तरेकडून आली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची विद्या कष्टाने मिळवून दक्षिणेत घेऊन गेले. भास्करबुवा बखले फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांपुढे बसून शिकले आणि मगच ‘स्वयंवरा’च्या चाली बांधायला सिद्ध झाले. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, अल्लादिया खाँ कोल्हापूरला. घराण्यांचे वैर पडद्यावर शोभून दिसते. प्रत्यक्षात मात्र ही सारी कथा देण्याघेण्याची आहे. आणि त्या विद्येची परतफेडही मराठी माणसांनीच केली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांच्या खटपटीने १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरली आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेर गेलेला मराठी माणूस शाळा काढीत असे. आज महाराष्ट्राबाहेर गेलेला मराठी माणूस तिकिटे काढतो.

हे वाक्य कोणाला झोंबले तर आमची हरकत नाही. झोंबावे म्हणूनच ते लिहिले आहे. परंतु केवळ झोंबवून थांबणे हा पुरुषार्थ नव्हे, म्हणून एक साधी सूचना करतो. ज्या मंडळाने चित्रपटाचा एक खेळ भरवला, त्याने त्या वर्षात चार बैठका भरवाव्यात, त्याही गावातल्याच गायकाच्या, बिदागी रोख देऊन, हारतुऱ्यांवर भागवून नव्हे. कपाटात धूळ खात पडलेली पेटी बाहेर काढून तिचे सूर लावून घ्यावेत. गायनवर्गात चार मुले असली तर चौघांसाठी तो चालवावा. पलुस्करांच्या शाळेतही पहिल्या दिवसापासून रांग लागली नव्हती. आणि मुलांना चित्रपटाला नेण्यापूर्वी एकदा तरी समोर बसून गाणाऱ्या माणसापुढे बसवावे, म्हणजे पडद्यावर काय दिसते आणि काय निसटते, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

एवढे करून मग खुशाल चित्रपट पाहावा, रडावेसे वाटले तर रडावे. ज्याच्या घरी गाणे जिवंत आहे त्याने गतकाळासाठी दोन टिपे गाळली तर ती शोभतात. ज्याच्या घरी तंबोऱ्याच्या तारा गंजल्या आहेत, त्याने रुमाल खिशात ठेवावा आणि आधी तारा बदलाव्यात.