विश्लेषण : ब्रिटनच्या वंशपरंपरागत लॉर्डांवर गदा, मग मुंबईच्या ‘सर जमशेटजीं’चे काय?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीचे कितीतरी रुग्ण भायखळ्याला उतरून ‘जेजे’ गाठतात. ही अक्षरे जमशेटजी जीजीभॉय यांची, एवढे अनेकांना ठाऊक असते. पण त्यांचा किताब वारशाने चालत आला आणि त्यासाठी खास कायदा करावा लागला, हे क्वचितच कुणाला माहीत असते. वारसाहक्काने हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणाऱ्या उरलेल्या सदस्यांना हटवण्यासाठी ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये विधेयक मांडले. तेव्हापासून अशा किताबांची चर्चा पुन्हा सुरू झाली.

या विधेयकाचा जीजीभॉय घराण्याशी संबंध आहे का?

नाही. जीजीभॉय लॉर्ड नव्हेत, बॅरोनेट आहेत. हा किताबही बापाकडून मुलाकडे जातो आणि नावाआधी ‘सर’ लागते, पण त्यासोबत संसदेतली जागा मिळत नाही. राजा पहिला जेम्स याने १६११ मध्ये तो सुरू केला तोच मुळी आयर्लंडमधील सैन्याच्या खर्चासाठी पैसा उभा करायला. त्यामुळे किताब आणि पैसा यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे.

हा किताब त्यांना कसा मिळाला?

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. त्यांनी संपत्ती कमावली ती चीनशी केलेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून. दानशूरपणाच्या कहाण्यांत अफूचा उल्लेख अनेकदा गाळला जातो. रुग्णालयासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, पण सरकारनेही तितकेच घालावेत अशी अट घातली. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून १८४५ मध्ये उभा राहिला. नाना शंकरशेट यांच्यासोबत त्यांनी मुंबईत रेल्वे यावी यासाठी प्रयत्न केले. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत धावलेल्या गाडीमागे ही खटपटही होती.

१८४२ मध्ये ‘सर’ झालेले ते पहिले भारतीय. ऑगस्ट १८५७ मध्ये, उत्तरेत उठाव धगधगत असताना, त्यांना बॅरोनेट केले गेले. निष्ठावंत व्यापारी वर्गाला जवळ ठेवण्याची सरकारला तेव्हा किती गरज होती, हे या तारखेवरून कळते. पुढे दोनच वर्षांत जमशेटजी वारले.

कायदा कशासाठी लागला?

वारसाला किताब मिळाला आणि हाती पैसा उरला नाही तर शोभा कशी राहणार? म्हणून जमशेटजींनी चार टक्के व्याजाचे २५ लाखांचे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल ही वास्तू किताबाला जोडून दिली. व्याजाचे वर्षाला एक लाख रुपये होत. ही मिळकत भावंडांत वाटली जाऊ नये म्हणून १८६० मध्ये कायदा झाला. किताब ज्याच्याकडे येईल त्याने स्वतःचे नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचे, असेही त्यात ठरले. थोरला मुलगा खरशेदजी असा दुसरा ‘जमशेटजी’ झाला, नातू माणेकजी तिसरा आणि माणेकजींच्या पश्चात त्यांचे भाऊ कावसजी चौथा. मुलींना यात स्थान नाही. १९१५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

राज्यघटना काय म्हणते?

कलम १८ नुसार भारतीय नागरिक परकी राष्ट्राकडून किताब स्वीकारू शकत नाही. घटनेआधी मिळालेला, पण पुढे वारशाने येणारा किताब ‘स्वीकारला’ असे म्हणायचे का, हे त्या कलमात लिहिलेले नाही. संस्थानिकांबाबत ही संदिग्धता १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संपवली. बॅरोनेट मात्र इतके थोडे होते की त्यांच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद्म सन्मानदेखील नावाला जोडता येत नाहीत, असे सांगितले.

मुंबईचेच दुसरे बॅरोनेट घराणे करीमभॉय इब्राहिम यांचे. त्यांच्या किताबाचा कायदा १९५९ मध्ये रद्द झाला आणि न्यासाची मालमत्ता वाटून टाकण्यात आली. जीजीभॉयांचा किताब मात्र पुढच्या वारसांकडे जात राहिला.