फाशी यार्डातले दिवस: निकाल पक्का होण्याआधीच सुरू होणारी शिक्षा

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सर्व १२ जणांना निर्दोष ठरवलं. तुरुंगात असलेली माणसं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या पडद्यावरून हा निकाल ऐकत होती. या बारांपैकी पाच जणांना विशेष मकोका न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१५ ला फाशी सुनावली होती. निकाल ऐकायला त्यातले चारच उरले होते. पाचव्याचा २०२१ मध्ये, नागपूरच्या तुरुंगात असताना, कोरोनाने मृत्यू झाला. 'तू निर्दोष आहेस' हे शब्द त्याच्या कानावर पडलेच नाहीत.

पुढचे काही दिवस टीव्हीवर एकच चर्चा चालली. तपास चुकला कसा, आणि मग स्फोट केले कोणी? प्रश्न रास्त आहे. त्या संध्याकाळी १८० हून अधिक माणसं गेली. त्यात सगळ्या धर्मांची होती, आणि त्यांच्या घरच्यांनाही उत्तर मिळायला हवं. तीन दिवसांनी, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला मर्यादित स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत आत जावं लागणार नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. हे सगळं छापून आलं. पण ती चार-पाच माणसं जवळजवळ दहा वर्षं 'फाशीचे कैदी' म्हणून जगली, म्हणजे नेमकी कशी जगली, याबद्दल फारसं कोणी विचारलं नाही.

आपल्याकडे घरात असा निकाल आला की पहिली समजूत ही होते की आता फाशी ठरली, संपलं. शेजारपाजारचेही तसंच बोलतात. कायद्यात मात्र तसं नाही. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येऊच शकत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील, मग फेरविचार याचिका (२०१४ पासून फाशीच्या प्रकरणात ही खुल्या कोर्टात, तीन न्यायाधीशांसमोर ऐकली जाते), आणि शेवटी राज्यपाल व राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. एवढ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वर्षं लागतात. पण तुरुंगाच्या लेखी तो माणूस पहिल्याच दिवशी 'फाशीवाला' होतो.

याचं मूळ इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यात आहे. त्याचं कलम ३० सांगतं की मृत्युदंडाचा कैदी तुरुंगात आल्याबरोबर त्याची झडती घ्यायची, जेलरला धोक्याची किंवा गैरसोयीची वाटेल ती प्रत्येक वस्तू काढून घ्यायची, त्याला इतर सर्व कैद्यांपासून वेगळ्या कोठडीत ठेवायचं आणि रात्रंदिवस पहारा लावायचा. १८९४ मध्ये शिक्षा आणि फाशी यांत फार अंतर नसायचं, म्हणून असं कलम चाललं असेल. आज त्या दोन तारखांच्या मध्ये दहा-वीस वर्षं जातात, आणि कोठडी तीच.

१९७८ मध्ये सुनील बत्रा नावाच्या तिहारमधल्या कैद्याने याच कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालचं पाच न्यायाधीशांचं घटनापीठ होतं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरही त्यात होते. कोर्टाने कलम रद्द केलं नाही, पण त्याचा अर्थ बदलून टाकला. मृत्युदंडाचा कैदी म्हणजे ज्याच्या अपिलाचे आणि दयेच्या अर्जाचे सगळे मार्ग संपले, असा कैदी. त्याच्या आधी तो त्या कलमात बसतच नाही. आणि वेगळ्या कोठडीचा अर्थ एकांतवास असाही नाही. एकांतवास ही कायद्यात स्वतंत्र शिक्षा आहे. ती न्यायालयच देऊ शकतं, तीही एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. जेलरला ती आपल्या मनाने देता येत नाही.

हा निकाल येऊन साडेचार दशकं उलटली. तरी बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात एका फाशीच्या कैद्याला २००६ पासून जवळपास दहा वर्षं एकांतात ठेवलं गेलं. त्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला २०१३ मध्ये. म्हणजे त्यातली पहिली सात-एक वर्षं सरळ बेकायदा होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी हे मान्य केलं आणि याच कारणाने त्याची फाशी रद्द करून किमान ३० वर्षांची कैद दिली. या माणसाचा गुन्हा अतिशय घृणास्पद होता, कोर्टाने तो कमी लेखला नाही. तरीही कोर्ट म्हणालं की एवढा एकांत माणसाच्या मनावर परिणाम करतोच.

एकांत म्हणजे काय, हे बाहेर बसून कळायला अवघड आहे. बराकीतला कैदी सकाळी टाळं उघडलं की बाहेर येतो. शिवणकाम, सुतारकाम, बेकरी, स्वयंपाकघर, कुठेतरी त्याला काम असतं. त्याची थोडीफार मजुरी जमा होते, त्यातून कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं घेता येतात. भांडणं होतात, दोस्तीही होते. रमजानमध्ये चार जण मिळून इफ्तार करतात, ईदला गळाभेट होते. फाशीच्या कैद्याला यातलं बरंच काही नसतं. त्याची शिक्षा 'सश्रम' नाही, म्हणून त्याला काम नाही. काम नाही म्हणून मजुरी नाही, म्हणून घरून मनीऑर्डर आली तरच कॅन्टीन. पॅरोल, फर्लो, शिक्षेतली माफी हे शब्द त्याच्यासाठी नाहीतच. दिवसातला ठरलेला वेळ कोठडीबाहेर, बाकी आत. उरतं ते भिंतीकडे बघणं आणि विचार करणं. विचार तरी कशाचा करणार?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए या गटाने २०२१ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फाशीच्या ८८ कैद्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून तो केला होता. साठ टक्क्यांहून अधिक कैद्यांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. सुमारे ११ टक्के बौद्धिकदृष्ट्या अक्षम होते. जवळजवळ निम्म्यांच्या मनात तुरुंगात असताना आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. इथे थोडं थांबावंसं वाटतं. तुरुंग त्यांच्याकडून जीव घेण्यासारखी प्रत्येक वस्तू काढून घेतो, आणि जीव नकोसा वाटेल अशी परिस्थितीही तोच देतो.

त्यात भर म्हणजे आपल्या खटल्याचं काय चाललंय, हे अनेकांना माहीतच नसतं. याच गटाने २०१६ मध्ये देशातल्या ३७३ फाशीच्या कैद्यांशी बोलून मोठा अहवाल काढला होता. उच्च न्यायालयात आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलाला कधी भेटलोच नाही, असं सांगणारे तिघांत दोघे होते. अपिलाच्या सुनावणीला कैद्याला सहसा नेत नाहीत. निकाल पेपरात किंवा हवालदाराच्या तोंडून कळतो. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, जो आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा: जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले होते, आणि ७६ टक्के मागास जाती-जमाती व धार्मिक अल्पसंख्याकांतले. म्हणजे हा प्रश्न मुसलमानांचाच आहे असं नाही. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, सगळ्याच गरिबांचा आहे. गुजरातमध्ये मात्र तेव्हाच्या १९ फाशीच्या कैद्यांपैकी १५ मुसलमान होते, हेही तिथेच नोंदलेलं आहे.

भटक्यांचा विषय निघाला म्हणून महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सांगतो. २००३ च्या एका दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. तो एकांतात राहिला, इतर कैद्यांशी बोलायची त्याला परवानगी नव्हती, भेटायला फक्त आई, तीही कधीमधी, अशी नोंद खुद्द कोर्टाने निकालात केली. आयुष्याची सोळा वर्षं गेली. प्रत्येकाला भरपाई मिळाली पाच लाख रुपये.

हे अपवाद असते तर गोष्ट वेगळी होती. पण २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी फाशी दिलेल्या कैद्यांचा हिशेब त्या अहवालात आहे. शेवटपर्यंत फाशी टिकली ती पाच टक्क्यांहून कमी कैद्यांची. जवळजवळ तीस टक्के निर्दोष सुटले. बाकीच्या बहुतेकांची जन्मठेप झाली. देशात शेवटची फाशी झाली २० मार्च २०२० ला, दिल्लीच्या निर्भया प्रकरणात. आणि २०२४ च्या अखेरीस फाशीची शिक्षा डोक्यावर असलेले कैदी ५६४ होते. सरळ अर्थ असा की या यार्डांतले बहुतेक लोक फासावर जाणार नाहीत. ते भोगत आहेत ती वाट बघण्याची शिक्षा, आणि ती कुठल्याच न्यायाधीशाने लिहून दिलेली नाही.

एक गुंता तर मला सगळ्यात जास्त खटकतो. मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की फाशी द्यायची की नाही हे ठरवताना कैद्याचं तुरुंगातलं वागणं, त्याने केलेलं काम, शिक्षण आणि मनाची स्थिती, या सगळ्याचे अहवाल मागवा. तो सुधारू शकतो का, हे बघा. निकाल उत्तम आहे. नागपूरच्या एका जुन्या खटल्यात ही पद्धत पाळली गेली नव्हती म्हणून २५ ऑगस्ट २०२५ रोजी कोर्टाने शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकायचं ठरवलं. पण ज्याला दहा वर्षं काम दिलंच नाही, त्याने काम केल्याचा दाखला आणायचा कुठून? ज्याला माणसांतच मिसळू दिलं नाही, त्याची वागणूक चांगली की वाईट हे तुरुंग कशावरून लिहिणार? कोठडी नुसती त्रास देत नाही, ती कैद्याच्या बाजूचा पुरावा तयारच होऊ देत नाही.

तरीही काहींनी त्यातून वाट काढली. १९९४ च्या पुण्यातल्या हत्याकांडात फाशी झालेला एक मुलगा नागपूरच्या तुरुंगात शिकला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ ला मान्य केलं आणि त्याला सोडलं. तोवर त्याची २८ वर्षं आत गेली होती, त्यातली २५ फाशीच्या छायेत. ३० जुलै २०१५ ला नागपुरात फाशी झालेल्या याकूब मेमनने तुरुंगातूनच इग्नूच्या पदव्या घेतल्या होत्या. पुस्तक मिळणं, परीक्षेला बसू देणं, या गोष्टी वरून लहान दिसतात.

शेवटच्या दिवसांबद्दलही नियम आहेत. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात कोर्टाने १५ जणांची फाशी रद्द केली आणि सरकारला घालून दिलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवायचं, त्यानंतर किमान १४ दिवस फाशी द्यायची नाही, कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या, मोफत वकील द्यायचा, मनाची व शरीराची तपासणी करायची आणि घरच्यांची शेवटची मुलाकात घडवून आणायची. हे का लिहावं लागलं? आदल्याच वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, अफजल गुरूला तिहारमध्ये फाशी दिल्यानंतर दोन दिवसांनी त्याच्या घरी कळवल्याचं स्पीड पोस्ट पोहोचलं होतं. त्याला तुरुंगातच दफन केलं, घरच्यांना मय्यतही मिळाली नाही. त्याच्या गुन्ह्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, बायको-मुलाला आधी कळायला हवं होतं, यावर वाद नसावा.

आता नवा कायदा आलाय, आणि त्यात एक घड्याळ लावलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार दयेचा अर्ज ३० दिवसांत करायचा आहे. हे दिवस मोजायचे ते तुरुंग अधीक्षकाने अपील किंवा फेरविचार फेटाळल्याचं कैद्याला कळवलं त्या दिवसापासून. राज्यपालांनी नाकारलं तर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस. अर्ज कैदी स्वतः करू शकतो, नाहीतर त्याचा वारस किंवा कोणीही नातेवाईक. वकील ठेवायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, तिथे वकील मोफत मिळतो. मुलाकातीला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारून घ्या: त्याला एकटं ठेवलंय का आणि किती तास, आणि कोर्टाचा कुठला कागद त्याच्या हातात दिला गेला. ज्या तारखेला दिला, ती तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा.