वाटेविना मुलूख

गलोंड्याहून समुद्र फार दूर नाही. पण नगर हवेलीच्या हद्दीला तो कोठेच शिवत नाही. पोर्तुगीजांची येथील सत्ता संपण्यात या भूगोलाचा वाटा मोठा होता, असे म्हटल्याने १९५४ च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या पराक्रमाला उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही.

१७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांअन्वये मराठ्यांनी पोर्तुगीजांना या भागातील गावांचा वसूल तोडून दिला. तो सरंजाम होता, राज्य नव्हे. मराठी सत्ता मावळल्यावर वसुलीचे मालक धनी होऊन बसले. दमणगंगा हवेलीतून वाहत दमणला समुद्रास मिळते. नदीचे खोरे त्यांचे, मुखही त्यांचे. मधली भूमी मात्र परक्याची!

याच सुमारास अमेरिकेपुढे असाच पेच होता. मिसिसिपीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचा माल न्यू ऑर्लिन्सवाचून समुद्रास पोहोचत नव्हता. जेफर्सन यांना हवे होते ते नदीचे मुख. नेपोलियनने दीड कोटी डॉलरांत सारा लुइझियाना विकून टाकला. १८०३ च्या या एका सौद्याने देशाचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. पुढे १८४८ मध्ये मेक्सिकोकडून त्याने मोठा मुलूख हिसकावला. सलग सुपीक भूमी, वाहत्या नद्या, दोहों बाजूंस महासागर: या बळावर ते राष्ट्र महासत्ता झाले. पोर्तुगालजवळ बंदरे होती, सलगता नव्हती.

म्हणूनच जुलै १९५४ मध्ये दादरा मुक्त होताच भारताने वाट रोखली, तेव्हा दमणची कुमक सिल्वासाला पोहोचू शकली नाही. २ ऑगस्टला सिल्वासाही मुक्त झाले. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. १९६० च्या निकालात नागरिक व मालाच्या वाटेचा हक्क मान्य झाला, सैन्याच्या वाटेचा झाला नाही. गोव्याला समुद्र होता. तेथे डिसेंबर १९६१ मध्ये लष्कर धाडावे लागले.

२६ जानेवारी २०२० पासून दमण व हवेली पुन्हा एकाच प्रशासनाखाली आहेत. मधला रस्ता गुजरातचा. त्यावर आता कोणी अडवीत नाही.

लुइझियाना विकताना तेथील मूळ रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. सनदा देताना येथल्या वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांनाही नाही. दमणगंगेवर मधुबन धरण झाले तेव्हा ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ते याच जमातींतले होते.