शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी दार उघडे ठेवू या

रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. एमबीबीएसच्या १०० जागा. त्यांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातल्या, म्हणजे काही मुले परराज्यातून समुद्राकाठी आलेली. आपण त्यांना पाहतो ते फार तर पांढऱ्या एप्रनमध्ये रस्ता ओलांडताना.

पहिल्या वर्षाचा दिवस सोपा नसतो. सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन हॉल. तिथे फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्वतःचेच बोट टोचून रक्त काढायचे. रात्री चौरसियांच्या पुस्तकातल्या नसा आणि स्नायू पाठ करायचे. हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के हवीच. रोजेदार मुलाला याच दिवसात पहाटेची सहरी आणि रात्रीची तरावीहही बसवावी लागते.

डिसेक्शन हॉलमधल्या देहाला ही मुले आपला पहिला शिक्षक मानतात, त्याचा मान राखण्याची शपथ घेतात. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यामुळे बेवारस आणि दान केलेले देह महाविद्यालयांना मिळतात. इस्लामी परंपरेत मय्यतीचे दफन लवकर करण्यावर भर आहे. देहदानाबाबत उलेमांत मतभेद आहेत आणि आपल्या बहुतेक घरांतून ते होत नाही. हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. त्यावर मला वाद घालायचा नाही. पण आपल्या आजारपणात जे हात उपचार करतात, ते कुणा दुसऱ्याच्या देहावर शिकलेले असतात, हे तर खरे. मग आपल्या बाजूने आपण काय देऊ शकतो?

उत्तर अभ्यासक्रमातच आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घ्यायची, पुढची वर्षे त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचे, असा नियम आहे. मुले वही घेऊन दारात येतात. रक्तदाब, घरातली आजारपणे, पिण्याचे पाणी, मुलांच्या लसी विचारतात. अशा वेळी 'हे कुठे डॉक्टर झालेत?' किंवा 'आमची माहिती कशाला हवी?' असे म्हणून दार लावून घेणे सोपे असते. तसे करू नये. शंका असेल तर विचारावी, पण मुलांना आत बोलवावे.

यात आपलाही फायदा आहे. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी रोजे धरण्याआधी गोळ्यांच्या आणि इन्शुलिनच्या वेळा डॉक्टरांना विचारल्या पाहिजेत. अनेक जण अंदाजाने ठरवतात. विद्यार्थी औषध देणार नाही, पण आपला प्रश्न त्याच्या शिक्षकांपर्यंत नक्की नेईल. घरातल्या बायका पुरुष डॉक्टरसमोर जे बोलत नाहीत, ते वहीवाल्या मुलीला सांगतील.

जकात आणि फित्रा आपण हिशेबाने काढतो. या रमजानमध्ये अर्धा तास या मुलांसाठीही काढू या, मग मूल कोणत्याही धर्माचे असो. आणि घरापासून दूर राहणारा एखादा रोजेदार विद्यार्थी ओळखीचा असेल, तर एका संध्याकाळी त्याला, त्याच्या रूममेटसह, इफ्तारला बोलवावे.