मुलाच्या गोंगाटात एक संध्याकाळ

"अब्बा, तुम्हाला तिथे आवडणार नाही," थोरला म्हणाला.

"आवडून घ्यायला कोण येतंय? मी बघायला येतोय," मी म्हणालो.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. थोरला एकोणीस वर्षांचा. डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलेला. पुण्यातल्या एका कार्यक्रमाची जाहिरात त्याच्या मोबाइलवर त्याच्या अम्मीने पाहिली. फोटोत मुले एकमेकांच्या अंगावर आदळत होती आणि गाणारा माईक तोंडात कोंबून ओरडत होता. "हे गाणे आहे की मारामारी?" तिने विचारले. मुलगा म्हणाला, "हार्डकोअर पंक." तिला काही उलगडा झाला नाही, मलाही नाही. तिचे म्हणणे होते, सरळ मनाई करा. मी म्हटले, आधी एकदा डोळ्यांनी बघतो, मग बोलतो.

पिंपरीहून मेट्रोने निघालो. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली. वाटेत एका मशिदीत मगरिब अदा केली. माझ्या खिशात इअर प्लगच्या दोन जोड्या होत्या. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षे काढलेला माणूस गोंगाटात मोकळ्या कानांनी जात नाही. निदान आता तरी जात नाही.

वाटेत मुलगा समजावत होता. पंक म्हणजे 1970 च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या तरुणांनी काढलेले साधे, रागीट संगीत. मोठी वाद्ये नकोत, उस्तादी नको, तीन सूर येत असले तरी चालेल. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या मुलांनी त्याचा वेग आणखी वाढवला, तो हार्डकोअर. आपल्याकडे मुंबईत 2005 मध्ये 'स्क्राइब' नावाचा बँड या धाटणीचे वाजवू लागला. पुण्यात 2010 पासून 'एनएच7 वीकेंडर' हा मोठा संगीत महोत्सव सुरू झाला. पण खरा हार्डकोअर लहान हॉलमध्येच ऐकायचा, असे तो म्हणाला.

हॉल लहानच होता. दारावर वय विचारून मुलाच्या हातावर शिक्का मारला, म्हणजे आत बार असला तरी त्याला दारू मिळू नये. माझ्या मनातली पहिली भीती हीच होती. तेवढ्यात त्याने खिशातून मार्कर काढला आणि दुसऱ्या हातावर मोठी फुली काढली.

"हे काय?"

"मी पिणार नाही, याची खूण."

मग त्याने सांगितलेली हकिकत मला नवी होती. 1980 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या काही शाळकरी वयाच्या मुलांचा बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये वाजवायला गेला. ती अल्पवयीन होती, म्हणून त्यांना दारू देऊ नये यासाठी त्यांच्या हातावर फुली काढली गेली. त्यांनी ती पद्धत आपल्या शहरात नेली. त्यांच्यातल्याच इयन मकाय याने पुढे 'मायनर थ्रेट' बँडमध्ये 1981 साली 'स्ट्रेट एज' हे एका मिनिटाहूनही लहान गाणे केले. आपण दारू आणि नशेच्या वाटेला जात नाही, एवढेच त्याचे सांगणे. त्या नावाने जगभर तरुणांची एक चळवळच उभी राहिली. पोरांना दारूपासून दूर ठेवायला धडपडणारे आपण आईबाप. तीच गोष्ट ही पोरे हातावर लिहून मिरवत होती. अर्थात हॉलमधली सगळी मुले तशी नव्हती, काहींच्या हातात ग्लास दिसत होते. पण माझ्या मुलाच्या हातावर फुली होती, आणि ती मी सांगितलेली नव्हती.

गाणे सुरू झाले आणि माझी दुसरी भीती समोर आली. ड्रमचा ठोका थेट छातीत बसत होता. एक गाणे दीड मिनिटाचे, की लगेच दुसरे. शब्द एकही कळेना. मधली मुले गोल गोल पळत एकमेकांवर आदळू लागली. थोरलाही त्यात घुसला. मी भिंतीला पाठ लावून त्याचे डोके शोधत राहिलो. एक मुलगा पडला. माझ्या तोंडून "या अल्लाह" निघाले, पण मी पाऊल टाकण्याआधी चार हातांनी त्याला उचलून उभे केले होते. पुढे कुणाचा तरी चष्मा पडला, तर सगळे थांबले. मोबाइलचे टॉर्च लावून जमिनीवर शोधाशोध झाली. चष्मा सापडला, टाळ्या झाल्या, मग पुन्हा धक्काबुक्की. पडलेल्याला आधी उचलायचे हा इथला अलिखित नियम, असे मला नंतर समजले. आमच्या लोकलच्या दारात हा नियम असता तर किती बरे झाले असते!

मध्यंतरात बाहेर चहा घेताना मुलाने लंडनच्या एका बँडविषयी सांगितले. जानेवारी 1978 मध्ये मार्गारेट थॅचर टीव्हीवर म्हणाल्या होत्या की, परक्या संस्कृतीच्या लोकांनी आपला देश भरून जाईल, अशी भीती ब्रिटिशांना वाटते. दक्षिण लंडनच्या तीन पाकिस्तानी घरांतल्या मुलांनी एका गोऱ्या मित्राला सोबत घेऊन 1979 मध्ये पंक बँड काढला. नाव ठेवले 'एलियन कल्चर', म्हणजे परकी संस्कृती. टोमणा होता, त्याचेच नाव करून टाकले. "अब्बा, कुणी परके म्हटले तर दगड उचलायचा की गिटार?" मुलगा हसत म्हणाला. मी उत्तर दिले नाही, पण प्रश्न लक्षात राहिला.

आता तिसरी भीती, आणि वाचकहो, तीच खरी निघाली. कानांची.

कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबल आवाजात जास्तीत जास्त आठ तास काम करता येते. दर पाच डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे 100 ला दोन तास, 110 ला फक्त अर्धा तास. अशा गाण्यांचा आवाज 100 च्या पुढे सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्यात रोग म्हणून नोंदलेला आहे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. तरुणपणी आम्ही प्लग लावत नव्हतो. लावणाऱ्याला 'नाजूक' म्हणायचो. आधी जातात ते बारीक, उंच आवाज. आज धाकटी मला सबक ऐकवते तेव्हा तिचा आवाज येतो, पण 'सीन' कुठला आणि 'से' कुठला, मला कळत नाही. ती चुकते तेव्हा मी "माशाल्लाह" म्हणून जातो.

परतीच्या मेट्रोत थोरल्याला हे पहिल्यांदा सांगितले. प्लगची जोडी हॉलमध्ये त्याने लाजून खिशातच ठेवली होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या कानात शिट्टी वाजतेय, अब्बा." मी म्हटले, "माझ्याही वाजायची. मग एक दिवस थांबली नाही."

संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. फतवा देणे माझे काम नाही. शंका असेल त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे. पण आवाजाबद्दल आपणही कानावर हात ठेवून बसू नये. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते की, गणेशोत्सवातला डीजे घातक असेल तर ईदच्या जुलूसमधलाही घातकच. ते खरे आहे. त्या भिंतीसमोर आपण तान्ह्या लेकरांना खांद्यावर घेऊन उभे असतो.

सूरह लुकमानमध्ये एक बाप मुलाला आवाज खाली ठेवण्याची नसीहत करतो. पण त्या नसीहतीची सुरुवात मनाईने होत नाही. आधी तो मुलाला मायेने हाक मारतो. मी गेलो नसतो, तर माझ्याकडे मनाई होती, हाक नव्हती.

घरी येऊन इशा अदा केली. अम्मीने विचारले, "काय ठरले?" मी म्हटले, "जाईल. दारू नाही, प्लग लावून, आणि साडेअकराच्या आत घरी." थोरल्याने मान डोलावली. आता त्याची प्लगची जोडी किल्ल्यांच्या खुंटीवर लटकलेली असते. चाकणच्या शिफ्टलाही तो तीच घेऊन जातो. आणि धाकटीचा सबक रोज रात्री तोच ऐकतो. 'सीन' आणि 'से' त्याला अजून वेगळे ऐकू येतात, अल्हम्दुलिल्लाह.