सेवेला पदवी कशाला?



बारावीचा निकाल लागतो. मंडळीतली एखादी मुलगी म्हणते, "मला बीएसडब्ल्यू करायचंय." लगेच मोठी माणसे म्हणतात, "अगं, सेवा तर आपण चर्चमध्ये करतोच. त्याला पदवी कशाला?" हे बोलणे भक्तीचे वाटते. मला ते आळसाचे वाटते, आणि त्याची किंमत गरीब माणूस मोजतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 उघडा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी फक्त "प्रार्थना करू" म्हणून विषय मिटवला नाही. आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असलेले सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावे वाचा: सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती, त्यांचे बोलणे समजणाऱ्यांच्या हाती काम गेले. आत्मा आणि ज्ञान, दोन्ही हवे होते. आपण ज्ञानाला सुट्टी दिली आहे.

नाताळात आपण ब्लँकेटे वाटतो. गेल्या वर्षी ज्या घरांत दिली, त्या घरांचे पुढे काय झाले, याची वही किती मंडळ्या ठेवतात? इथे गोत्रीच्या मोठ्या रुग्णालयात आपण फळे घेऊन जातो, खाटेपाशी प्रार्थना करतो. ते चांगलेच आहे. पण क्षयाची औषधे किमान सहा महिने न चुकता घ्यावी लागतात. तिसऱ्या महिन्यात बरे वाटले आणि मजुरी बुडते म्हणून रुग्ण औषध सोडतो, तेव्हा त्याच्या घरी कोण जाते? कोणता दाखला, कोणती योजना, कोणती खिडकी, हे कोण सांगते? हे सारे शिकावे लागते.

हे शिक्षण आपल्याला परके नाही. समाजकार्य शिकवणारी भारतातली पहिली संस्था 1936 साली मुंबईत सुरू झाली. आज तिला आपण टिस म्हणतो. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट अमेरिकन मराठी मिशनचे होते आणि आधी नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये काम करत होते. 1955 साली कॅथलिक भगिनींनी मुंबईतच निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय काढले. तिथे बीएसडब्ल्यू करता येते.

आता दुसऱ्या बाजूच्या पालकांशी बोलतो. "कॉलेज ख्रिस्ती आहे, मुलगी आपल्यातच राहील," म्हणून पाठवणार असाल, तर पाठवू नका. त्या कॉलेजातला दिवस प्रार्थनेने सुरू होईल, पण फील्डवर्क वस्तीत, कोर्टात, रुग्णालयात असते. तिथे तिला शिकवतील: समोरच्याचा न्याय करू नकोस, त्याचे गुपित राख, त्याचा निर्णय त्याला घेऊ दे, आणि त्याच्या अडचणीचा उपयोग त्याला आपल्या धर्मात ओढण्यासाठी करू नकोस. हे ऐकून कुणाला विश्वास पातळ झाल्यासारखे वाटेल. त्यांनी चांगल्या शोमरोन्याला विचारावे. जखमी माणसाचा धर्म त्याने विचारला नव्हता.

"पण पगार कमी," असे म्हणता. खरे आहे. मात्र तो पगार ठरवणाऱ्यांत आपल्याही संस्था आहेत. समाजसेविकेला "प्रभूचे काम आहे, समजून घे" म्हणत अर्ध्या पैशांत राबवायचे आणि इमारतीच्या रंगाला निधी गोळा करायचा, हा कोणता हिशेब?

म्हणून मंडळीने तीन गोष्टी कराव्यात. अशा मुला-मुलींच्या फीसाठी अर्पणातून ठरावीक वाटा काढावा. शिकून आल्यावर त्यांना योग्य वेतनाचे काम द्यावे. आणि आपल्या वाटपाबद्दल त्यांनी प्रश्न विचारले, तर रागावू नये.

शोमरोन्याने जखमा बांधल्या, सराईवाल्याला दोन नाणी दिली आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगितले. आपली सेवा बहुधा नाण्यांपाशीच थांबते. परत जाणारी माणसे घडवण्याची बुद्धी प्रभू आपल्याला देवो. आमेन.