सीट सोडा, साहेब

कुठल्याही छावणीत जा. चाळिशीतली बाई म्हणाली, "मला सायकल शिकायचीय," की पहिला प्रश्न ठरलेला: "आता या वयात?" तरी ती हटली नाही, तर साहेब स्वतः सीट धरून मागे पळू लागतात. मला दोन्ही गोष्टी नामंजूर आहेत.

आधी वयाचं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेनं अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतमजुरी करणाऱ्या, दगडखाणीत राबणाऱ्या हजारो बायका शिकल्या. कित्येकजणी दांड्याच्या सायकलीवर. त्यांना कुणी वय विचारत बसलं नाही.

आता सीटचं. मागून कुणी धरलं की तोल धरणारा सांभाळतो. शिकणारी फक्त पॅडल मारते. मग एक दिवस गुपचूप हात सोडायचा! पोर पडून उठतं. प्रौढ माणूस एकदा फसवला गेला की सायकल कायमची व्हरांड्यात. रेंजवर उस्ताद रिक्रूटची रायफल धरून नेम साधतो का?

1817 साली जर्मनीत कार्ल ड्राइसनं बनवलेल्या दुचाकीला पॅडलच नव्हते. बसायचं आणि पायांनी रेटायचं. शिकण्याचा क्रमही तोच ठेवा. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील. पॅडल काढा. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. परेड ग्राउंडच्या सौम्य उतारावर पायांनी ढकलत जा, मग पाय उचला. ज्या बाजूला कलाल त्याच बाजूला हँडल किंचित वळवा, तोल सावरतो. नजर चाकावर नको, पुढे हवी. थांबायला दोन्ही ब्रेक हलक्या हातानं. नुसता पुढचा करकचून दाबू नका. हे अंगवळणी पडलं की पॅडल परत लावा. एका हातानं चालवणं आणि मागे वळून बघणं जमेपर्यंत रहदारीत जाऊ नका.

प्रश्न व्यायामाचा नाही. साहेब फील्डवर असतात तेव्हा एमआय रूम, कॅन्टीन, पोरांची शाळा यांसाठी तिला कुणाच्या तरी गाडीची वाट बघावी लागते. दोन किलोमीटरसाठीही मिंधेपणा. तो संपवायचा असेल तर पाना आणा, पॅडल काढून द्या आणि बाजूला उभे राहा. हात खिशात.